स्पॉटिंग स्कोपला कुठला कॅमेरा लावायचा? आधी स्कोप आमच्याकडे घेऊन या, मग ठरवू

स्पॉटिंग स्कोप (ट्रायपॉडवर लावून लांबचे पक्षी बघायची दुर्बीण) घेतलाय, आता पक्ष्यांचे फोटो काढायचेत, जास्तीत जास्त झूमवाला कॅमेरा कुठला? हे आम्हाला सारखं विचारलं जातं आणि आमचं उत्तर दरवेळी तेच, की झूम स्कोपमध्ये आहेच, तो कॅमेऱ्यात परत विकत घेऊ नका. इथे कॅमेऱ्याचं काम एवढंच, की तुमचा डोळा आयपीसमधून (स्कोपला डोळा लावतो ती मागची काच) जे बघतो ते त्यालाही नीट दिसलं पाहिजे, आणि डोळ्याची बाहुली कशी छोटी आणि अगदी पुढे असते, तशीच लेन्स लागते.

एक करून बघा. स्कोप उजळ आभाळाकडे वळवा (सूर्याकडे चुकूनही नको) आणि आयपीसपासून फूटभर मागे सरकून काचेकडे बघा, एक चमकता गोल ठिपका दिसेल. स्कोपमधला सगळा प्रकाश त्या ठिपक्यातून बाहेर येतो. ८० मिमीचा स्कोप (पुढच्या काचेचा व्यास ८० मिमी) २० एक्सवर, म्हणजे २० पट जवळ दाखवत असेल तर ठिपका ४ मिमीचा, म्हणजे ८० भागिले २०, आणि तोच ६० एक्सवर नेला की जेमतेम १.३ मिमी. हा ठिपका कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आतल्या छिद्रावर बरोबर बसला तर पूर्ण चित्र येतं, नाहीतर कडेने काळं वर्तुळ. मोठ्या सुपरझूम कॅमेऱ्यात हे छिद्र काचांच्या मागे खूप खोल असतं, ठिपका तिथपर्यंत पोचतच नाही, मग महागडा कॅमेरा लावूनही मधोमध छोटंसं गोल चित्र आणि बाकी सगळा काळोख. नवाकोरा कॅमेरा घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा हे बघून उतरतो तेव्हा आम्हालाही फार वाईट वाटतं, म्हणून हे पत्रक.

१९९९ मध्ये मलेशियातले पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी डिजिटल कॅमेरा असाच आयपीसला टेकवून फोटो काढले, आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या आलँ फॉसे यांनी याला डिजिस्कोपिंग हे नाव दिलं. पुढे कितीतरी वर्षं या मंडळींचे लाडके कॅमेरे म्हणजे निकॉनचे कूलपिक्स ९९०, ९९५ आणि ४५००. मेगापिक्सेल ३-४, झूम ३-४ पट, पण लेन्स छोटी आणि झूम करताना ती बाहेर यायची नाही, सगळी हालचाल आतल्या आत. आज असा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यायचा असेल तरी हेच बघा, मेगापिक्सेल नंतर.

पण आमचं स्पष्ट मत विचाराल तर सुरुवात फोननेच करा, तो खिशात आहेच आणि त्याची लेन्स या कामाला अगदी जुळते. मुख्य लेन्स ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबाने २५ मिमीची धरली तर स्कोपच्या २० एक्सवर २० गुणिले २५, म्हणजे ५०० मिमीच्या लेन्सइतकं जवळ दिसतं. काळी कड दिसली तर फोनमध्ये थोडंसं झूम करा, ती निघून जाते. फोनची खोड एकच, आयपीस जवळ आहे असं बघून तो स्वतःहून मॅक्रोवर (अगदी जवळचं टिपायचा मोड) किंवा दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो आणि स्क्रीन एकदम काळी होते, तेव्हा सेटिंगमधून मॅक्रो बंद करा आणि शक्य असेल तर मुख्य लेन्स लॉक करून टाका. अडॅप्टर (फोन आयपीसवर धरून ठेवणारा जोड) घेताना फोनचं माप सगळे घेतात, आयपीसचा बाहेरचा व्यास मोजायचा राहून जातो, आणि एक-दोन मिमी इकडेतिकडे झालं तरी चित्राचा एक कोपरा गेलाच.

त्याच्या पुढे जायचं असेल तर मिररलेस (लेन्स बदलता येणारा, पण आत आरसा नसलेला कॅमेरा), आणि त्यावर साधारण ४०-५० मिमी इतका अँगल देणारी छोटी फिक्स (झूम नसलेली) लेन्स, म्हणजे मायक्रो फोर थर्ड्सला २० मिमी, एपीएस-सीला ३५ वगैरे (ही दोन्ही कॅमेऱ्यातल्या सेन्सरची मापं). संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर पिसांची बारीक रेघ न रेघ यात फोनपेक्षा जास्त टिकते. डीएसएलआर (आत आरसा असलेला मोठा कॅमेरा) आम्ही यासाठी सुचवत नाही, एकतर जड, आयपीसवर लोंबकळतो आणि स्कोप खाली झुकतो, दुसरं म्हणजे आरसा उचलला जाताना जो हादरा बसतो तो एवढ्या मॅग्निफिकेशनला फोटोत दिसतोच. मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की हादरा शून्य, फक्त पंख जोरात फडफडत असतील तर ते वाकडे येऊ शकतात, बसलेल्या खंड्याला किंवा चिखलात उभ्या शेकाट्याला काही त्रास नाही.

कॅमेरा कुठलाही असो, २० ते ३० एक्सच्या वर शक्यतो जाऊ नका, ठिपका लहान झाला की प्रकाश कमी, शटर मंद, फोटो हललेला. बटण बोटाने दाबू नका, २ सेकंदांचा टायमर किंवा रिमोट वापरा. बगळा असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं मायनसमध्ये घ्या, नाहीतर पिसं नुसती पांढरी पडतात. भर दुपारी लांबचा पक्षी लहरत दिसतो ती गरम हवा असते, त्याला कुठलाच कॅमेरा काही करू शकत नाही, सकाळी लवकर जा.

येताना स्कोप, त्याचा आयपीस आणि असेल तो ट्रायपॉड घेऊन या, फोनचं कव्हर मात्र काढून ठेवा, त्याच्या जाडीमुळे अडॅप्टर नीट बसत नाही. आधी तुमचाच फोन लावून बघू, चित्र कडेपर्यंत स्वच्छ आलं तर नवीन काही घ्यायची गरज नाही.