क्लच गेला की गिअरबॉक्स?

दीड लाख किलोमीटर झालेली गाडी सायन सर्कलच्या सिग्नलला उभी आहे. सिग्नल सुटतो, पण पहिला गिअर पडत नाही. कशीबशी गाडी गॅरेजपर्यंत पोचते आणि दुपारी फोन येतो : ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ हे ऐकून मालकाचं धाबं दणाणतं, कारण त्याला ऐकू येतं ते ‘गिअरबॉक्स गेला’. पण क्लचप्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधोमध बसलेली असते. नुसती ती बदलायची तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. उतरवणं वेगळं आणि उघडणं वेगळं. पहिलं अर्ध्याएक दिवसाचं नेहमीचं काम आहे. दुसऱ्यात बेअरिंग, सिंक्रो रिंग (गिअर न घासता पडावा म्हणून असलेली पितळी कडी), शाफ्ट असं एकेक निघत जातं आणि बिलही तसंच वाढत जातं. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : उतरवायचा आहे की उघडायचा? आणि विचारण्याआधी पुढच्या चाचण्या स्वतः करून जा. पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि ऑइलची तपासणी सोडली तर पाना लागत नाही.

सुरुवात इंजिन बंद ठेवून करा. क्लच दाबून पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत सगळे गिअर टाकून पाहा. बंद गाडीत गिअर सहज पडतात आणि चालू गाडीत अडतात, तर संशय क्लचवर. तो पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल तळाला गेलं तरी इंजिन गिअरबॉक्सचा शाफ्ट थोडाथोडा फिरवतच राहतं. बंद गाडीतही दांडा जड जात असेल, तर क्लचचा संबंध नाही. मग गिअर केबल, लिंकेजचे (दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्यांचे) झिजलेले बुश किंवा गिअरबॉक्सच्या आतला दोष शोधायचा. केबल आणि बुश बाहेरच असतात, म्हणून ते आधी.

आता इंजिन चालू करा. सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लचचा हा दोष तिथे सगळ्यात आधी दिसतो. इतकं थांबूनही ‘कर्र’ आवाज आला, तर शाफ्ट थांबलेलाच नाही. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबल्यावर गिअर पडला, तर हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचमध्ये हवा शिरली आहे किंवा मास्टर (पेडलकडचा) अथवा स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडर गळतोय. पेडलच्या वरच्या बाजूला, गालिच्याजवळ ओल आहे का ते हाताने चाचपा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची ऑइलची टाकी एकच असते, त्यामुळे ही गळती खपवून घेऊ नका. केबलचा क्लच असेल तर केबल ताणली गेली आहे का, तिचे धागे सुटलेत का, हे पाहा. केबल किंवा सिलिंडरचा दोष निघाला तर गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही. मात्र काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, आत असतो; तिथे गिअरबॉक्स उतरवण्यावाचून सुटका नाही.

क्लचचा दोष सगळ्या गिअरमध्ये जाणवतो, सिंक्रोचा एखाद्या-दुसऱ्या गिअरमध्येच. फक्त दुसरा किंवा तिसराच गिअर टाकताना घासत असेल आणि बाकीचे मऊ पडत असतील, तर क्लच निर्दोष आहे. त्या गिअरची पितळी रिंग झिजली आहे. गिअर पडल्यावर ॲक्सिलरेटर सोडताच दांडा न्यूट्रलला उडत असेल, तर गिअरचे दात, शिफ्ट फोर्क किंवा दांडा जागेवर धरणारी स्प्रिंग-गोळी झिजलेली असते. पण आधी इंजिन माउंटिंग पाहा. रबर फाटलं की इंजिन हलतं आणि लिंकेज ओढलं जाऊन गिअर सुटतो. माउंटिंगच्या कामाला गिअरबॉक्सचं बिल भरणं फार वाईट वाटतं.

क्लच घसरतोय का, हे रिकाम्या रस्त्यावर कळतं. पहाटेच्या ईस्टर्न फ्रीवेवर चौथ्या गिअरमध्ये 45-50 च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला, टॅकोमीटरचा काटा वर पळाला आणि गाडीचा वेग तिथेच रेंगाळला, तर प्लेट घसरते आहे. खंडाळ्याच्या चढावर हेच जळक्या वासासह जाणवतं. उभ्या गाडीतली चाचणीही आहे : हँडब्रेक ओढा, पायब्रेक दाबून धरा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. फिरतच राहिलं तर प्लेट संपली. ही चाचणी एकदाच करा; प्रत्येक वेळी प्लेट आणखी जळते. एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) गाडीत तर ती करूच नका, तिथे स्कॅनर लावून क्लचची झीज वाचतात. केबलच्या गाडीत प्लेट झिजत जाते तसं पेडल वर येतं आणि मोकळी चाल कमी होते. ही चाल साधारण 10 ते 20 मिलिमीटर असते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. चाल शून्यावर आली असेल तर प्लेट चांगली असूनही क्लच घसरतो. नुसती केबल सैल केली की काम होतं.

आवाजाची परीक्षा सगळ्यात सोपी आणि तरी सगळ्यात दुर्लक्षित. गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला, आणि घरघर येते; पेडल दाबताच ती थांबते. हा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा बेअरिंग. कारण पेडल दाबलं की तो शाफ्ट थांबतो. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लचच्या बाजूचा दोष. धावताना वेगाबरोबर वाढणारी गुंजन गिअरबॉक्सच्या माथी मारण्याआधी 60 च्या वेगात क्षणभर न्यूट्रल करून पाहा. आवाज तसाच राहिला तर चाकाचं बेअरिंग, टायर किंवा डिफरन्शियल.

गिअर ऑइलकडे मुंबईत पावसाळ्यानंतर नक्की बघा. अंधेरी सबवे किंवा हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढली की तापलेला गिअरबॉक्स अचानक गार होतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या भोकातून) पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच बदला, नाहीतर बेअरिंग गंजतील. लहान गाड्यांत साधारण दोन लिटर ऑइल लागतं. काढताना आधी वरचा भरायचा प्लग उघडा, मग खालचा. वरचा गंजून अडकला असेल तर खालून ऑइल रिकामं करून गाडी जागेवर अडकवून बसाल. खालच्या प्लगच्या लोहचुंबकावर करडा चिखल असणं साहजिक आहे. ऑइलमध्ये सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोचं पितळ. लोखंडाची किरचं किंवा दाताचा तुकडा दिसला, तर आता मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागेल. भरताना ग्रेड मॅन्युअलप्रमाणेच घ्या : जीएल-4 सांगितलं असेल तिथे नुसतं जीएल-5 ओतू नका, त्यातली काही रसायनं पितळी रिंग खातात.

पावसाळ्याची आणखी एक गंमत नव्हे, अडचण : महिनाभर सोसायटीत उभी राहिलेली गाडी सुरू होते, पण एकही गिअर पडत नाही. ओलाव्याने प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड फिरत्या चकतीला) गंजून चिकटलेली असते. अशा वेळी गिअरबॉक्स उघडायला देऊ नका. तरबेज मिस्त्री क्लच मोकळा करून देतो.

क्लचसाठी गिअरबॉक्स उतरलाच असेल, तर प्लेट, प्रेशर प्लेट (क्लचप्लेट दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग हा पूर्ण सेट बदला. एकट्या बेअरिंगसाठी तीच मजुरी पुन्हा पडेल. इंजिनचं मागचं ऑइल सील आणि इनपुट शाफ्टचं सीलही तेव्हाच. प्लेटवर ऑइल आलं असेल आणि सील तसंच ठेवलं, तर नवी प्लेटही काही दिवसांत घसरू लागते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा खोल चरे असतील तर लेथवर फेसिंग करून (पृष्ठभाग सपाट करून) घ्या, नाहीतर पेडर रोडच्या चढावर गाडी थरथरत सुटेल. जुनी प्लेट मागून घ्या : रिव्हेटच्या डोक्यावर 0.3 ते 0.5 मिलिमीटर एवढंच अस्तर उरलं असेल, तर ती खरंच संपली होती.

आणि खरंच दात तुटले असतील, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेला गिअरबॉक्स मिळतो. विकत घेण्याआधी इनपुट शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर लावून पाहा. शाफ्ट वरखाली हलवून बेअरिंगमध्ये ढिलाई आहे का ते तपासा, आतल्या ऑइलचा वास आणि रंग बघा. आपल्या जुन्या गिअरबॉक्सचा नंबर कागदावर लिहून नेलेला असू द्या, कारण बाहेरून सारखे दिसणारे दोन गिअरबॉक्स आतल्या दातांच्या संख्येत वेगळे निघू शकतात.