शिरोरेखा तिरपी का होते? छोट्या टॅबवरच्या ‘जेली स्क्रोलिंग’ची पार्श्वभूमी

“ओळी डुलतायत रे,” इंदूरच्या रामबागेतल्या आत्यानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी आधी तिच्या डोळ्यांचीच चौकशी केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं, म्हटलं नंबर बदलला असेल. ती चिडली. “डोळे ठीक आहेत माझे. थांबवलं की सरळ दिसतं, सरकवलं की तिरपं होतं. डोळ्याचा दोष असता तर थांबल्यावरही दिसला असता ना?”

रविवारी जाऊन पाहिलं. छोटा टॅब, उभा धरलेला, सार्थ ज्ञानेश्वरी उघडलेली. बोटानं पान वर सरकवलं की डावीकडचे शब्द आधी वर निघायचे आणि उजवीकडचे किंचित मागे राहायचे. डावीकडून निघालेली शिरोरेखा उजवीकडे पोचेपर्यंत खाली उतरलेली. बोट उचललं की क्षणात सगळ्या ओळी पुन्हा पट्टीनं आखल्यासारख्या. आत्याचं निदान अगदी बरोबर होतं, आणि मी आधी तिच्या चष्म्यावर संशय घेतला याचं मला वाईट वाटलं.

या प्रकाराला जगभर ‘जेली स्क्रोलिंग’ म्हणतात, कारण पान ताटलीतल्या जेलीसारखं लचकतं. हे नाव सर्वांत जास्त गाजलं ते २०२१ च्या सप्टेंबरमध्ये, ॲपलचा सहाव्या पिढीचा आयपॅड मिनी बाजारात आला तेव्हा. पण त्यामागचं तंत्र टॅबच्या, एवढंच काय संगणकाच्याही आधीचं आहे.

पडद्यावर चित्र एकदम उमटत नाही, ते रेघेरेघेनं काढलं जातं. चित्राच्या अशा रेघा पाडायची कल्पना पॉल निपको या जर्मन तरुणानं १८८४ मध्ये मांडली. त्याची भोकं पाडलेली फिरती चकती चित्राचा एकेक पट्टा वाचत जाई. जॉन लोगी बेअर्डनं २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये दूरचित्रवाणीचं प्रात्यक्षिक दाखवलं, ते त्याच चकतीच्या आधारानं. बेअर्डच्या ३० रेघांच्या चित्रातल्या रेघा आडव्या नव्हत्या, उभ्या होत्या. त्याला पडद्यावर माणसाचा चेहरा दाखवायचा होता, म्हणून चित्रही उभं आणि अरुंद ठेवलं. म्हणजे रेघा कुठल्या दिशेनं काढायच्या हे निसर्गानं ठरवलेलं नाही. पहिल्या दिवसापासून ती माणसानं केलेली निवड आहे. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात असू द्यावं.

पुढे आडव्या रेघा रूढ झाल्या. बीबीसीनं १९३६ मध्ये ४०५ रेघांचं प्रसारण सुरू केलं. आपल्याकडे दूरदर्शनचं चित्र ६२५ रेघांचं होतं. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी घराघरात रंगीत संच आले त्यांच्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे रेघ काढत वरून खाली येई. नंतर एलसीडी आली. नळी गेली, झोत गेला, पण क्रम तोच राहिला. पातळ ट्रान्झिस्टरांची जाळी वापरून एलसीडीतल्या ठिपक्यांच्या ओळी एकापाठोपाठ एक जाग्या करायची पद्धत टी. पीटर ब्रॉडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेस्टिंगहाउसमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बसवली. आज आपल्या हातातला पडदा मूलतः त्याच वाटेनं चालतो. एक ओळ जागी होते, तिच्यातले ठिपके नवा रंग घेतात, मग पुढची ओळ. सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जायला जवळजवळ सेकंदाचा साठावा भाग जातो.

कित्येक वर्षं याचा त्रास कुणाला झाला नाही, कारण संगणकाच्या पडद्यावर ओळी वरून खाली उजळायच्या आणि मजकूरही वर-खालीच सरकायचा. दोन्ही दिशा एकच असल्या की सरकताना मजकूर किंचित ताणल्यासारखा किंवा दबल्यासारखा होतो, तिरपा होत नाही, आणि तेवढा फरक डोळा सोडून देतो. मोठा मॉनिटर फिरवून उभा लावणाऱ्यांना मात्र हा तिरपेपणा फार आधीपासून ठाऊक होता.

मग सरकवण्याची रीत बदलली. चाकाच्या माउसनं मजकूर टप्प्याटप्प्यानं उडी मारत जायचा. २००७ मध्ये आयफोननं बोटाला चिकटून सरकणारं पान आणलं. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवर ते अडखळायचं, म्हणून गूगलनं २०१२ मध्ये ४.१ आवृत्तीत ‘प्रोजेक्ट बटर’ या नावानं सेकंदाला ६० चित्रांचा ताल धरायचा प्रयत्न केला. मला वाटतं, जेलीची तक्रार पुढे आली तिचं एक कारण ही सफाईच आहे. मजकूर उड्या मारत होता तोवर डोळा त्याच्यामागे सरकतच नव्हता. पान लोण्यासारखं सरकू लागलं तसा डोळाही त्याच्याबरोबर एका गतीनं फिरू लागला. डोळा फिरत असताना ओळीचं डावं टोक आधी नवी जागा घेतं आणि उजवं टोक मागून घेतं, आणि तेवढ्या वेळात डोळा पुढे गेलेला असतो. म्हणून मेंदूला ती ओळ तिरपी दिसते.

साधा हिशोब करून पाहा. ८.३ इंची मिनीचा पडदा उभा धरला तर सुमारे १७.६ सेंटीमीटर उंच आहे. सेकंदाला पडदाभर मजकूर सरकवला तर सेकंदाच्या साठाव्या भागात तो जवळजवळ ३ मिलिमीटर पुढे जातो. डाव्या आणि उजव्या कडेत सरकताना एवढा फरक पडतो. हळू सरकवलं तर फरक कमी, जोरात झटका दिला तर जास्त.

पण हे होण्यासाठी उभ्या टॅबवर चित्र डावीकडून उजवीकडे रंगवलं जायला हवं. तसं का असावं? उपकरणं खोलून आत काय आहे ते दाखवणाऱ्या आयफिक्सिटच्या मंडळींनी मिनी उघडला तेव्हा पडद्याचा नियंत्रक, म्हणजे ठिपक्यांच्या ओळी जाग्या करणारी पट्टी, डाव्या उभ्या कडेला बसवलेला दिसला. ॲपलच्याच आयपॅड एअरमध्ये तो वरच्या कडेला होता. म्हणून मिनी आडवा धरला की लचक नाहीशी होते आणि उभा धरला की परत येते. छोट्या उपकरणात बॅटरी, स्पीकर, कॅमेरा कोंबताना कुठली पट्टी कुठे जाईल हे इंचाइंचानं ठरतं, हे मान्य. पण छोटा टॅब माणूस वहीसारखा उभाच धरतो, हेही बनवणाऱ्याला माहीत असतं.

ॲपलनं तेव्हा आर्स टेक्निका या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या संकेतस्थळाला कळवलं की एलसीडी ओळीओळीनं उजळत असल्यामुळे हे सामान्य वर्तन आहे. वाक्य खोटं नाही, पण निम्मंच आहे. ओळीओळीनं उजळणं सामान्य, ओळींची दिशा मात्र निवडलेली. चार वर्षं आधी, २०१७ मध्ये, वनप्लस ५ या फोनबद्दलही अशीच ओरड झाली होती. तिथे पॅनेल उलटं बसवलेलं निघालं, चित्र खालून वर रंगवलं जात होतं, आणि कंपनीनं तेही नैसर्गिक म्हणून सांगितलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिनीची पुढची पिढी आली, पडदा पुन्हा ८.३ इंची आणि पुन्हा ६० चित्रांचाच. काही परीक्षकांना लचक कमी वाटली, पण संथ चित्रणात (स्लो मोशनमध्ये) ती सापडलीच.

आत्याचा टॅब मी जेल रोडवर एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं काही उघडलं नाही. आपला फोन स्टँडला लावून सेकंदाला २४० चित्रांच्या संथ चित्रणावर ठेवला आणि मला म्हणाला, पान सरकवत राहा. मग चित्रण थांबवत थांबवत पुढे नेलं. टॅबच्या एका चित्रामागे त्याच्या कॅमेऱ्याची चार चित्रं येत होती. पहिल्यात डावीकडचा पाव भाग वर गेलेला, बाकी ओळ जुन्याच जागी, मधे शिरोरेखा तुटून पायरी पडलेली. दुसऱ्यात ती पायरी मधोमध. तिसऱ्यात उजव्या कडेजवळ. चौथ्यात ओळ अखंड. मग पुन्हा पहिल्यापासून. “भिया, पीस बदलवा दूँगा, पर ये उसमें भी आएगा,” तो म्हणाला. त्याचं खरं होतं. जिथून टॅब घेतला त्या दुकानानं एकदा बदलून दिला होता, आणि नवा पीसही तसाच डुलत होता.

ती तुटलेली शिरोरेखा पाहताना एक गोष्ट लख्ख कळली. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, त्यांना जोडणारी रेघ नसते. ओळ थोडी तिरपी झाली तरी अक्षरं जरा वर-खाली झाल्यासारखी वाटतात, इतकंच. देवनागरीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ आहे, आणि त्या रेघा एकामागून एक पडदाभर जातात. आडवी रेघ जराशी कलली तरी माणसाच्या डोळ्याला लगेच सलतं, भिंतीवरची तसबीर वाकडी झाली की आपण उठून सरळ करतो तसं. त्याच टॅबवर मी इंग्रजी पान आणि मराठी पान पाठोपाठ सरकवून पाहिलं. मराठी पानावर लचक कितीतरी ठळक दिसली. पडद्यांच्या चाचण्या देवनागरी मजकुरावर घेतल्या गेल्या पाहिजेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. हिंदी, मराठी, नेपाळी मिळून कोट्यवधी लोक रोज हीच रेघ वाचतात.

माणसं या दोषाला कशी सामोरी जातात, हे मला तंत्राइतकंच महत्त्वाचं वाटतं. बऱ्याच जणांना तो दिसतच नाही. आत्याच्या सूनबाईंना दहा वेळा दाखवूनही दिसला नाही, आणि तिचं खोटं नाही, प्रत्येकाचा डोळा सरकत्या ओळीमागे सारखाच फिरत नाही. काहींना दिसतो, पण आठवड्याभरात सवय होते. आणि काहींना एकदा दिसला की पाठ सोडत नाही, डोकं जड होतं, ते परत करायला जातात. या तिसऱ्या माणसाला दुकानात, घरात, सगळीकडे एकच ऐकावं लागतं की तुम्हालाच भास होतोय. मीही आत्याला तेच ऐकवलं होतं.

सेकंदाला १२० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर हा फरक निम्मा होतो. ॲपलनं तो २०१७ मध्ये आयपॅड प्रोला दिला. बऱ्याच छोट्या आणि स्वस्त टॅबना अजून ६० वरच भागवावं लागतं. पान सरकवण्याऐवजी पुस्तकासारखं उलटायची सोय वाचनाच्या बऱ्याच ॲपमध्ये असते, तिचा उपयोग होतो. मी आत्याला ती लावून दिली, पण तिला ओवी आणि अर्थ दोन पानांत तुटलेले आवडले नाहीत.

मग तिनंच उपाय काढला. देवघरातल्या पेटीत आजोबांची पोथी आहे, सुट्या आडव्या पानांची, लाल कापडात बांधलेली. त्याच पेटीत वडिलांची जन्मपत्रिका आहे, उलगडत जावी लागणारी लांब गुंडाळी. पत्रिका ती कधी काढत नाही, पोथी रोज काढते. परवा गेलो तर टॅब पोथीसारखा आडवा करून चौरंगावर ठेवलेला. ओळी लांब झालेल्या, पडद्यावर मावतात थोड्याच, त्यामुळे बोट जास्त वेळा फिरवावं लागतं. पण सरकवताना शिरोरेखा सरळ राहते. मी काही बोलायच्या आत तिनं बोटानं पान वर सरकवून दाखवलं आणि पुढची ओवी वाचायला घेतली.