महारोहिणी-विदारण : झटक्याआड दडलेला आजार

हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला महारोहिणी किंवा एओर्टा म्हणतात. तिच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर फाटून रक्त मधल्या थरात घुसते आणि भिंत सोलत पुढे जाते, तेव्हा महारोहिणी-विदारण (डिसेक्शन) होते. हृदयालगतच्या चढत्या भागातले विदारण स्टॅनफर्ड वर्गीकरणात ‘ए’ प्रकारात मोडते आणि त्यावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागते.

हीच चीर हृदयाच्या दिशेने मागे सरकली, तर हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमनीचे तोंड दाबले जाते, बहुधा उजव्या. मग ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका दिसतो, हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे सांगणारे रक्तातले ट्रोपोनिन वाढते. स्नायूचा रक्तपुरवठा खरोखरच तुटलेला असतो. फक्त त्याचे कारण नेहमीच्या झटक्यासारखी गुठळी नसते. अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले, तर हृदयावरणात रक्त साचून हृदयच दाबले जाण्याचा धोका वाढतो. इंग्लंडचा राजा दुसरा जॉर्ज १७६० साली अशाच दाबाने गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयावरणात साकळलेले रक्त आणि महारोहिणीला चीर आढळली होती.

खरा झटका विदारणापेक्षा कितीतरी अधिक आढळतो, त्यामुळे प्रत्येकाला सीटीसाठी थांबवणे घातकच ठरेल. पण दुखणे एका क्षणात शिगेला पोहोचले असेल, पाठीत फाटल्यासारखे वाटत असेल, दोन्ही हातांच्या रक्तदाबात २० मिमीपेक्षा जास्त फरक असेल, तर आधी महारोहिणी पाहावी.

खाटेशेजारीच होणारा टू-डी इको इथे फार मोलाचा. फुगलेले महारोहिणीचे मूळ, पोकळीत फडफडणारा पडदा, झडपेतून उलटे वाहणारे रक्त, हृदयावरणातले पाणी, यांपैकी काहीही दिसले तरी इंजेक्शन थांबवायला ते पुरेसे आहे. इको स्वच्छ आला म्हणून मात्र विदारण नाही असे म्हणता येत नाही. निश्चिती सीटी अँजिओग्राफीने होते. हृदयाच्या ठोक्यांमुळे महारोहिणीच्या मुळाशी चिरेसारखी खोटी रेघ उमटू शकते, म्हणून चित्रण ईसीजीशी जुळवून घेतात. रुग्ण सीटीपर्यंत नेण्याजोगा नसेल तर अन्ननलिकेतून इको करतात. श्वासनलिका आड येत असल्याने चढत्या महारोहिणीचा वरचा तुकडा त्यात नीट दिसत नाही. एमआरआय अचूक असला तरी वेळखाऊ आहे.

अँजिओप्लास्टीची सोय तासन्‌तास दूर असलेल्या तालुक्याच्या गावी इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो. छातीवर इकोचा प्रोब ठेवून महारोहिणीच्या मुळावर नजर टाकण्याची गरज तिथेच सर्वांत जास्त आहे.