स्टीलच्या डब्याचा फोटो काढून दाखवा

माझ्याकडे कोणी नवीन पोरगा किंवा पोरगी फोटोग्राफी शिकायला आली की पहिल्या दिवशी मी सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरं कापड लावलेली पेटी), फ्लॅश वगैरे काही उघडतच नाही. किचनमधला पोळ्यांचा स्टीलचा डबा समोर ठेवतो आणि म्हणतो, याचा फोटो काढ, फोनवर काढलास तरी चालेल, फक्त त्यात तू दिसता कामा नये. सोपं वाटतं ना? घरी करून बघा. तुम्ही डावीकडे सरका, उजवीकडे सरका, डब्याच्या पोटावर तुमची बारीक लांबुळकी आकृती हजर, शिवाय पंखा, खिडकीचे गज, मागे वाळत घातलेला टॉवेल, सगळं घर त्या डब्यात.

कारण असं की चकचकीत स्टीलचा स्वतःचा असा काही 'दिसणं' प्रकार नसतोच. कागद, कापड, वीट या गोष्टींवर प्रकाश पडला की तो सगळ्या दिशांना विखुरतो, म्हणून त्या कुठूनही सारख्याच दिसतात. पॉलिश केलेल्या धातूवर मात्र शाळेतला तो नियम, आपतन कोन बरोबर परावर्तन कोन, इतका कडक पाळला जातो की डबा म्हणजे नुसता आरसाच, आणि तोही फुगीर. फुगीर आरशात खोलीचा जवळजवळ सगळा भाग दिसतो, समोरचा, बाजूचा, थोडा मागचासुद्धा. म्हणजे डब्याचा फोटो काढायचा तर खरं म्हणजे खोलीचा फोटो काढायचा असतो. डबा उजळ हवा तर डब्यावर लाइट मारून उपयोग नाही, डब्याला जे दिसतंय ते उजळ करायला लागतं.

मध्यंतरी एका भांडीवाल्यांचं कॅटलॉग केलं, डबे, तांबे, पेढेघाटी डबे, पातेली मिळून चाळीसेक वस्तू. त्यांना वाटलं एका दिवसात उरकेल, चार दिवस गेले. मी थर्माकोलच्या मोठ्या शीटची एक खोपटी केली, वरून ट्रेसिंग पेपर ताणला, लाइट सगळे बाहेर, आणि मध्ये लेन्सपुरतं भोक. आता डब्याला चारी बाजूंनी पांढरंच दिसतं, त्यामुळे डबा छान मऊ चंदेरी येतो, पण मग दुसरी भानगड, मागेही पांढरं आणि डबाही पांढरा, कडा गायब! तेव्हा दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जस्ट बाहेर काळ्या कार्डपेपरच्या पट्ट्या उभ्या करायच्या. त्यांचं प्रतिबिंब डब्याच्या अगदी काठावर पडतं आणि पेन्सिलने काढल्यासारखी बारीक काळी रेघ येते. लोक म्हणतात एडिटिंग भारी केलंय. एडिटिंग नाही हो, पाच रुपयांचा काळा कागद आहे.

आणि हो, पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश अडवणारा लेन्सवरचा फिल्टर, लाव म्हणजे रिफ्लेक्शन जाईल असं कोणीतरी सांगतंच. काचेवर, पाण्यावर जातं, कारण तिथून ठराविक तिरप्या कोनात, पाण्यासाठी साधारण ५३ अंश आणि काचेसाठी ५६ अंश, परावर्तित झालेला प्रकाश एकाच दिशेत कंप पावणारा असतो आणि फिल्टर तेवढाच अडवतो. धातूवरून येणाऱ्या प्रकाशाचं असं होत नाही, त्यामुळे स्टीलसमोर नुसता पोलरायझर फिरवत बसलं तर वेळ फक्त जातो. लाइटवर पण पोलरायझरची शीट लावली तर रिफ्लेक्शन मरतं, पण मग डबा इतका मेलेला दिसतो की तो शिशाचा वाटतो.

ही झाली चकचकीत वस्तूंची कथा. बाकी जगासाठी, म्हणजे माणसं, साड्या, वडापाव, सगळ्यासाठी एकच प्रश्न महत्त्वाचा, की लाइट वस्तूच्या जागेवरून बघितला तर केवढा मोठा दिसतो. किती वॉटचा आहे हा प्रश्न नंतरचा. सूर्य घ्या. त्याचा व्यास साधारण १४ लाख किलोमीटर, पण तो १५ कोटी किलोमीटर लांब, त्यामुळे आकाशात तो जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या निम्मा. एवढा चिमुकला दिवा, म्हणून दुपारी बाराला शिवाजी पार्कात उभं राहिलात तर नाकाखाली, डोळ्याखाली सुरीने कापल्यासारख्या सावल्या.

पण सूर्य अगदी बिंदू पण नाही, आणि त्याची गंमत रस्त्यावर दिसते. सूर्य आपल्यापासून स्वतःच्या व्यासाच्या साधारण १०७ पट लांब आहे (१०८ च्या जवळ आहे म्हणून लगेच फॉरवर्ड बनवू नका प्लीज). त्यामुळे कुठलीही वस्तू स्वतःच्या रुंदीच्या १०७ पटीपेक्षा जास्त उंच गेली की ती पूर्ण सूर्य झाकूच शकत नाही आणि तिची गडद सावली जमिनीवर पोचत नाही. एक सेंटिमीटर जाडीची केबल दोन बिल्डिंगच्या मध्ये चौथ्या मजल्यावर लोंबत असते, खाली तिची सावली शोधा, सापडली तर पुसट पट्टा सापडेल. संक्रांतीला अर्धा मीटर रुंद पतंग पन्नास-पंचावन्न मीटरच्या वर गेला की तेच. हेच उलटं केलं की स्टुडिओतला मऊ लाइट तयार होतो: दिवा वस्तूच्या मानाने मोठा करा, सावलीची कड विरघळते.

मोठा करायचे दोनच मार्ग, खरोखर मोठा करा किंवा जवळ आणा. साठ सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून साठ सेंटिमीटरवर ठेवला तर तो ५३ अंश व्यापतो, तोच तीन मीटरवर नेला तर ११ अंश. सॉफ्टबॉक्स तोच, नाव तेच, पण तो आता 'सॉफ्ट' राहिला नाही. लग्नातले बरेच फोटोग्राफर लाइटची मोठी छत्री हॉलच्या कोपऱ्यात लावतात आणि मग म्हणतात एवढा खर्च करून पण सावल्या कडकच येतायत. येणारच. आणि जूनमध्ये ढग भरून आले की सगळं आकाशच एक दिवा होतं, तेव्हा मुंबईतल्या कुठल्याही गॅलरीत फुकटचा असा लाइट मिळतो की काय सांगू, चेहऱ्याचे फोटो काढायला मला तोच सगळ्यात आवडतो.

आपल्या सिनेमावाल्यांनी ही कला फार आधी पचवली. १९५६ च्या सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी कॅमेरामन सुब्रत मित्रांनी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलेलं असताना वर पांढरं कापड ताणलं आणि लाइट खालून त्यावर मारले, झालं ढगाळ आकाश तयार. मुंबईच्या शूटिंगमध्ये लाइटदादा आज थर्माकोल घेऊन जे करतात त्यातलं तत्त्व हेच, लाइट थेट माणसावर न मारता थर्माकोलवर मारायचा, मग तो थर्माकोलच दिवा होतो. आणि नको तिथे जाणारा लाइट अडवायला काळं कापड लावलेली फ्रेम, तिला सेटवर कटर म्हणतात.

आता किती लाइट पडतो ते. मुंबईत स्टुडिओ म्हणजे काय, माझा आहे दहा बाय चौदाचा, भिंती पांढऱ्या होत्या आणि क्लायंटला बॅकग्राउंड काळं हवं होतं. भिंत न रंगवता ते होतं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश निम्मा नाही तर एक चतुर्थांश होतो, कारण तेवढाच प्रकाश चौपट क्षेत्रफळावर पसरलेला असतो. मॉडेल लाइटपासून अर्ध्या मीटरवर, भिंत लाइटपासून दोन मीटरवर, म्हणजे चौपट अंतर, म्हणजे भिंतीवर सोळावा हिस्सा. फोटोग्राफरच्या भाषेत चार स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा). पांढरी भिंत गडद राखाडी होते आणि कटर लावून अजून थोडा अडवला की काळीच. (सॉफ्टबॉक्स खूप मोठा आणि खूप जवळ असेल तर हिशोब इतका काटेकोर बसत नाही, पण कामापुरता बसतो.) छोट्या खोलीची खरी अडचण वेगळीच, लाइट छताला आपटून परत येतो. शेवटी मी छत काळं करून घेतलं, आई म्हणाली कोळशाची वखार केलीस.

अंतराच्या याच नियमामुळे कॅमेरामन व्ही. के. मूर्तींचा १९५९ च्या 'कागज़ के फूल'मधला तो उन्हाचा झोत मला अजून थक्क करतो. त्यांनी बाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी आत वळवलं. दिवा असता तर जवळ भडक आणि लांब फिका पडला असता, पण सूर्याला १५ कोटी किलोमीटर कापून झाल्यावर स्टुडिओचे अजून वीस मीटर म्हणजे काहीच नाही, त्यामुळे झोत या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास सारखाच.

मग आली नथ. झवेरी बाजारातल्या एका पेढीचं काम होतं, बसरा मोत्यांची जुन्या घडणीची नथ, मध्ये लाल खडा, बाजूला दोन छोटे हिरे, आणि सगळी वस्तू माझ्या अंगठ्याएवढी. तिघांना तीन वेगळे लाइट लागतात! मोती म्हणजे शेकडो पातळ थर एकावर एक, प्रत्येक थर साधारण अर्धा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे जवळपास प्रकाशाच्या तरंगलांबीएवढाच, त्यामुळे वेगवेगळ्या थरांवरून परतलेले तरंग एकमेकांत मिसळून ती गुलाबी-हिरवट झाक येते. हे दिसायला मोठा, मऊ लाइट पाहिजे, नाहीतर प्रत्येक मोत्यावर एक पांढरा ठिपका पडतो आणि मोती प्लास्टिकचा वाटतो. हिऱ्याचं बरोबर उलटं. त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचं माप, २.४२, आत गेलेला किरण २४ अंशांपेक्षा जास्त तिरका आपटला की बाहेर पडूच शकत नाही, आतल्या आत उड्या मारून मग एखाद्या पैलूतून निसटतो. ते निसटणं म्हणजे चमक, आणि त्यासाठी छोटे छोटे कडक दिवे लागतात. मऊ लाइटमध्ये हिरा म्हणजे काचेचा तुकडा. मी मोत्यांसाठी ट्रेसिंग पेपरमधून लाइट दिला आणि हिऱ्यांसाठी दोन बारकी एलईडी टॉर्च हाताने फिरवत बसलो, अर्धा दिवस. पेढीवरचे काका शेजारी बसून नथीवरची नजर हलवत नव्हते, मला वाटलं लाइटिंग बघतायत, ते नथच राखत होते.

पावसाचं एक शूट झालं वरळी सी फेसला. पहिली पंधरा मिनिटं तर काहीच काढता आलं नाही, कारण कॅमेरा एसी गाडीतून थेट बाहेर काढला. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतलं पाणी सुटायला लागतं तो, २५ अंशांच्या आसपास असतो, लेन्स २२ वर थंडगार, मग तिच्यावर दव पडतं, बर्फाच्या पाण्याच्या ग्लासावर पडतं तसंच. बॅगेची चेन बंद ठेवून सामान आधी बाहेर आणून ठेवायचं, हे माहीत असून विसरतो मी. असो. पावसाचा दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटरने पडतो. शटर १/२०० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात तो सव्वातीन सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे फोटोत रेघ. पण कमी पॉवरवर फ्लॅश १/१०,००० सेकंद एवढाच पेटतो, तेवढ्यात थेंब एक मिलिमीटरसुद्धा हलत नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात हेच तंत्र पक्कं केलं. फक्त फ्लॅश मागून द्यायचा. थेंब आपल्यात शिरलेला प्रकाश मुख्यतः पुढे वाकवतो, म्हणून समोरून मारलात तर पाऊस जवळपास अदृश्य आणि मागून मारलात तर मोत्यांचा पडदा. चहाच्या वाफेचं पण तसंच, मिसळीचा फोटो समोरच्या फ्लॅशने काढला की ती कायम थंड दिसते.

सगळ्यात डोकं खाल्लं ते परळच्या गणपती कारखान्यानं. वर निळी ताडपत्री, तिच्यातून झिरपणारं निळं ऊन, एका बाजूला जुना पिवळा बल्ब, जो साधारण २,७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा प्रकाश पिवळा), दुसऱ्या बाजूला स्वस्त एलईडी ट्यूब. आपला मेंदू हे सगळं न सांगता सावरून घेतो, पांढरी मूर्ती पांढरीच दिसते. कॅमेरा बिचारा खरं बोलतो: मूर्तीचा एक गाल निळा, एक पिवळा, सोंड हिरवट. त्यात ट्यूब लुकलुकत होती. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, फास्ट शटर लावलं की फोटोवर आडवे पट्टे. शटर १/१०० किंवा १/५० वर आणलं की लुकलुक पूर्ण पकडली जाते आणि पट्टे जातात. पण कुंकवाचा लाल रंग तरीही मातकट येत होता, कारण पांढरा एलईडी म्हणजे निळा दिवा आणि त्यावर पिवळा लेप (त्या निळ्या दिव्याला २०१४ चं नोबेल मिळालं), आणि स्वस्त मालात लाल प्रकाश फार तोकडा. लाल रंगाला परतवायला लालच नसेल तर तो काय परतवणार. शेवटी ट्यूब बंद करायला लावली, ताडपत्रीवर गोणपाट टाकलं, माझ्या फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावून तो बल्बच्या रंगाला जुळवला आणि छताच्या पांढऱ्या कापडावर मारला.

मी ट्रायपॉड आवरत होतो. डोळ्यांची आखणी करणारे मूर्तिकार काका स्टुलावर चढले, ब्रश हातात, आणि खाली उभ्या मंडळाच्या पोरांना विचारलं, "मंडपात लाइट कुठून मारणार रे?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "वरून मारलात तर भुवईची सावली डोळ्यात पडेल, बाप्पा झोपल्यासारखा दिसेल. नक्की सांगा." एकाने कोणालातरी फोन लावला, मग म्हणाला, "काका, दोन हॅलोजन, खालून, समोरच्या खांबांवर." काका स्टुलावरून उतरले, पिवळा बल्ब वायरसकट काढून मूर्तीच्या पायापाशी जमिनीवर ठेवला, वर चढले, एक डोळा मिटून थोडा वेळ नुसते बघत राहिले, आणि मग बुबुळाला हात घातला.