टॅरेंटुला, पाळीव : पिल्लाच्या निवाऱ्याचा आकार

टॅरेंटुला हे थेरॅफोसिडी कुळातील मोठे, केसाळ कोळी असून या कुळात एक हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. पाळण्यासाठी ते बहुधा पिल्लू असतानाच घेतले जातात आणि त्या वयात पुष्कळ जातींच्या पिल्लांचा पायांसकट विस्तार जेमतेम १ सेंमी. भरतो. हेच पिल्लू पुढे तळहाताएवढे होणार म्हणून त्याला आरंभीच मोठी काचपेटी देण्याकडे नव्या पाळणाऱ्याचा कल असतो. त्यामागचा हेतू चांगला असला, तरी पिल्लाला तिचा उपयोग होत नाही. निवाऱ्याचा आकार कोळ्याचा आजचा विस्तार आणि त्याच्या जातीची राहण्याची सवय पाहून ठरवावा लागतो.

विस्तार म्हणजे पुढच्या एका पायाच्या टोकापासून विरुद्ध बाजूच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंतचे तिरपे अंतर. पिल्लू डबीच्या पारदर्शक भिंतीवर पाय पसरून बसले असता बाहेरून पट्टी लावली की हात न लावता हे माप मिळते. टाकलेली कात ओली करून पसरूनही माप घेतात. मात्र ती ताणली जात असल्याने आकडा थोडा वाढीव येतो, हे लक्षात ठेवावे. जमिनीवर राहणाऱ्या जातींसाठी तळाची लांबी विस्ताराच्या तिप्पट ते चौपट आणि रुंदी दुपटीहून थोडी अधिक ठेवण्याचा प्रघात आहे. टॅरेंटुला सहसा उताणा पडून कात टाकतो आणि जुन्या कवचातून बाहेर आल्यावर नवे, मऊ पाय पूर्ण लांब करतो. तेवढी सपाट जागा त्याला मिळालीच पाहिजे.

लांबी-रुंदीपेक्षा उंचीचा प्रश्न अधिक गंभीर आहे. कोळ्याचे रक्ताभिसरण खुले असते, म्हणजे रक्त बंद नलिकांत न राहता शरीरात मोकळे फिरते, आणि पोटावरील आवरण पातळ असते. जड पोटाचा कोळी भिंतीवरून निसटून कठीण पाण्याच्या वाटीवर किंवा दगडावर आदळला, तर पोट फाटून शरीरद्रव वाहून जातो आणि तो बहुधा वाचत नाही. म्हणून जमिनीवरील जातींच्या निवाऱ्यात मातीच्या पृष्ठापासून झाकणापर्यंतचे अंतर विस्ताराच्या दीडपटीहून अधिक ठेवत नाहीत. डबी उंच असेल तर ती बदलण्याची गरज नसते, आतली माती वाढवली की अंतर आपोआप कमी होते. अगदी लहान पिल्लू हलके असल्याने पडून सहसा दुखावत नाही; जसजसे पोट मोठे होते तसतसा हा नियम कडक होत जातो.

बीळ करणाऱ्या जातींना तळ लहान चालतो, पण माती खोल लागते. पश्चिम घाटातील किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस या जातीच्या पिल्लाची डबी निम्म्याहून अधिक, शक्यतो दोन-तृतीयांश, मातीने भरलेली असावी. झाडांवर राहणाऱ्या ॲव्हिक्युलॅरिया, कॅरिबेना किंवा पोसिलोथेरिया या प्रजातींना (प्रजाती म्हणजे निकटच्या जातींचा गट) उलट उभी डबी हवी : उंची विस्ताराच्या तिप्पट-चौपट, तळ दुप्पट, आणि आत तिरपा टेकवलेला सालीचा तुकडा. कॅरिबेनाचे पिल्लू आपले रेशमी घर पुष्कळदा झाकणालगत विणते. त्यामुळे वरचे झाकण उघडले की दर वेळी घर फाटते. बाजूने उघडणारी किंवा उलटी ठेवून वापरता येणारी डबी या जातींना सोयीची पडते.

व्यवहारात तीन टप्पे पुरतात. १ ते २ सेंमी. विस्ताराच्या पिल्लाला ३० ते १०० मिली. मापाची डबी पुरते. ३ ते ५ सेंमी. झाल्यावर साधारण १० ते १५ सेंमी. लांबीचा डबा द्यावा. ८ सेंमी.च्या पुढे गेल्यावर थेट प्रौढ निवारा द्यायला हरकत नाही. १३ ते १५ सेंमी. विस्तार गाठणाऱ्या बहुतेक जातींना ४५ × ३० सेंमी. तळाची पेटी जन्मभर पुरते. याहून अधिक टप्पे करणारेही आहेत, परंतु प्रत्येक स्थलांतर हा पिल्लाच्या दृष्टीने एक धोकाच असतो आणि तो वारंवार पत्करण्याचे कारण दिसत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या जातींच्या बाबतीत तर मधला टप्पा वगळला तरी चालतो.

मोठ्या पेटीत लहान पिल्लू जागेला घाबरते, असे सर्रास सांगितले जाते. खऱ्या अडचणी निराळ्या आहेत. सोडलेला बारीक रातकिडा कोपऱ्यात दडतो आणि पिल्लू उपाशी राहते; तोच रातकिडा पिल्लू कात टाकत असताना त्याला कुरतडू शकतो. पिल्लू खाते आहे की नाही, जिवंत आहे की नाही, हेही कळत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोठ्या पेटीतील ओल सारखी राखता येत नाही. शरीराच्या मानाने पृष्ठभाग जास्त असल्याने पिल्लू प्रौढापेक्षा फार लवकर कोरडे पडते. टॅरेंटुलाचे पाय सरळ होतात ते मुख्यतः आतल्या द्रवाच्या दाबाने. पाणी कमी पडले की पाय पोटाखाली आखडू लागतात. हे दिसताच ओल वाढवून पाण्याचा थेंब तोंडाजवळ पोहोचवणे निकडीचे असते.

डबीच्या हवेशीरपणाचे माप म्हणजे भोकांचा व्यास. कोळ्याचे पोट दबते, शीर्षवक्षावरील, म्हणजे डोके व छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावरील, कवच दबत नाही. जिथून ते कवच जाईल तिथून संपूर्ण कोळी जातो. भोके त्या कवचापेक्षा बारीकच हवीत आणि ती समोरासमोरच्या दोन बाजूंना पाडली म्हणजे हवा खेळती राहते. प्लॅस्टिकच्या डबीला तापवलेल्या सुईने भोके पाडताना टोक आतून बाहेर न्यावे, नाहीतर आत राहणारी टोकदार कडा कोळ्याला लागते. जाळीचे झाकण टाळावे, कारण त्यात नख्या अडकतात.

नाशिकमध्ये या मापांना ऋतूची जोड द्यावी लागते. सुमारे ६०० मी. उंचीवरच्या या शहरात एप्रिल-मेमध्ये तापमान चाळिशीजवळ जाते, तर थंडीत किमान तापमान १० अंशांखालीही उतरते. उन्हाळ्यात ३० मिली.ची डबी एक-दोन दिवसांत कोरडी पडू शकते, म्हणून त्या काळात त्याच पिल्लाला किंचित मोठी, अधिक माती धरणारी डबी बरी. जास्त माती ओल जास्त काळ टिकवते. पाणी सिरिंजने एका कडेने सोडावे, म्हणजे अर्धी माती ओलसर व अर्धी कोरडी राहते आणि पिल्लू आपल्याला हवी ती बाजू निवडते. लहान डबी उन्हात काही मिनिटांत तापते, त्यामुळे तिची जागा खिडकीत नसून कपाटाच्या खालच्या फडताळात असते. पावसाळ्यात अडचण बुरशीची येते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वरचा धो-धो पाऊस आणि सिन्नर-येवल्याकडची कोरडी हवा यांत एवढा फरक आहे की, एकाच मापाच्या डबीला इगतपुरीत जास्त भोके लागतात आणि सिन्नरला कमी.

तळासाठी कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) वापरतात आणि द्राक्ष-टोमॅटोच्या या पट्ट्यातील रोपवाटिकांत ते सहज मिळते. मात्र खत किंवा कीटकनाशक मिसळलेले कोकोपीट कोळ्याला घातक असते. साधे घेऊन, धुऊन, मुठीत दाबल्यावर पाणी न ठिबकेल इतपत ओले करून भरावे. घरातील मुंग्या पिल्लाला मारतात, आणि मुंग्यांचा खडू किंवा फवारा पिल्लालाही मारतो. यावर आपल्याकडे दुधाच्या भांड्यासाठी वापरतात तोच उपाय उत्तम : डब्या ताटात उपड्या ठेवलेल्या वाटीवर मांडून ताटात पाणी ओतावे.

डबी बदलण्याची वेळ कॅलेंडरवरून काढता येत नाही. वाढ कात टाकल्यावरच होते आणि थंडीत चयापचय मंदावल्याने दोन कातींमधले अंतर लांबते. डिसेंबरमध्ये पिल्लू त्याच डबीत रेंगाळले तर तो आजार नव्हे. पिल्लाने खाणे सोडले, पोट काळपट व चकचकीत दिसू लागले किंवा बिळाचे तोंड बंद झाले, तर कात जवळ आली असे समजून त्याला हलवू नये. कात टाकल्यानंतर विषदंत प्रथम पांढरे, मग तांबूस आणि शेवटी काळे होतात. ते काळे झाल्यावर, म्हणजे लहान पिल्लांत काही दिवसांनी आणि मोठ्यांत आठवडा-दोन आठवड्यांनी, स्थलांतर करावे. पिल्लाला चिमटीत न धरता जुनी डबीच उघडून नव्या डब्यात ठेवावी आणि मऊ कुंचल्याने मागून हलकेच ढकलावे. बिळातले पिल्लू बाहेर येत नसेल तर मातीच्या गोळ्यासकट उचलून ठेवणे अधिक सुरक्षित.

जातीची खात्री झाल्याशिवाय आकार ठरवता येत नाही आणि कायद्याच्या दृष्टीनेही जात माहीत असावी लागते. ब्रॅकिपेल्मा ही प्रजाती आणि २०१९ पासून पोसिलोथेरिया ही प्रजाती साइट्स या वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले आहे. सह्याद्रीतील कोळी बिळातून काढून आणू नयेत.

नर प्रौढ झाल्यावर सहसा पुन्हा कात टाकत नाही. पुढच्या पायांजवळच्या स्पर्शांगांची टोके मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी फुगीर दिसू लागली की त्याची वाढ थांबली असे धरतात. त्यानंतर तो मादीच्या शोधात डब्यात सतत फिरू लागतो. हे जागा अपुरी असल्याचे लक्षण नसल्याने त्याला मोठ्या पेटीत हलवण्याची गरज नसते, झाकण मात्र घट्ट बसते आहे ना हे रोज पाहावे लागते.