राष्ट्रपती भवनातील दालने

नवी दिल्लीत रायसीना टेकडीवर ब्रिटिश वास्तुविशारद एडविन ल्युटेन्स यांनी उभारलेल्या या वास्तूत 340 खोल्या आहेत. 1929 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन राहायला आले तेव्हा तिचे नाव व्हाइसरॉय हाउस होते. स्वातंत्र्यानंतर ते गव्हर्नमेंट हाउस झाले आणि 26 जानेवारी 1950 पासून राष्ट्रपती भवन. बांधकामात फारशी मोडतोड झाली नाही. बदलला तो खोल्यांचा वापर.

मुख्य घुमटाखालचे गोल दालन, म्हणजे दरबार हॉल, मुळात सिंहासनकक्ष. व्हाइसरॉय आणि त्यांच्या पत्नीसाठी इथे दोन सिंहासने मांडलेली असत. घुमटातून, सुमारे 33 मीटर उंचीवरून, दोन टनांचे झुंबर सोडलेले आहे; कडेचे खांब जैसलमेरच्या पिवळ्या संगमरवराचे. 15 ऑगस्ट 1947 रोजी सकाळी नेहरू मंत्रिमंडळाचा आणि 26 जानेवारी 1950 रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांचा शपथविधी इथेच झाला. पुढे राष्ट्रपतींचे शपथविधी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात होऊ लागले. आता या दालनात मुख्यतः पद्म आणि शौर्य पुरस्कार दिले जातात.

सिंहासनांच्या जागी आज गुप्तकालीन बुद्धमूर्ती आहे. 15 ऑगस्ट 1949 रोजी राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले ते याच वास्तूच्या दालनांत. 1960 मध्ये ते जनपथावरील नव्या इमारतीत हलले, पण बुद्धमूर्ती आणि सम्राट अशोकाच्या काळातील, बिहारमधल्या रामपूर्वाचा दगडी नंदी इथेच राहिले. सत्तेचे आसन जाऊन तिथे अभयमुद्रेतला बुद्ध यावा, हा या वास्तूतला सर्वांत अर्थपूर्ण बदल म्हणावा लागेल.

अशोक हॉल ही मुळात नाचाची खोली. जमीन लाकडी असून तिच्याखाली स्प्रिंगा बसवलेल्या आहेत, म्हणजे पावलांखाली ती किंचित लवते. छताच्या मध्यभागी इराणच्या फतह अली शाहचे शिकारदृश्य आहे. हे चामड्यावरील चित्र शाहने इंग्लंडच्या चौथ्या जॉर्जला भेट दिलेले. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या काळात ते लंडनहून आले आणि इटालियन चित्रकार कोलोनेलो यांनी भारतीय कारागिरांकडून उरलेले छत त्याच शैलीत रंगवून घेतले. लेडी विलिंग्डन यांनी वास्तूत केलेले फेरबदल ल्युटेन्सना रुचले नव्हते. 1938 मध्ये तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी ते निस्तरायला त्यांना पुन्हा बोलावले. छत मात्र टिकले. परदेशी राजदूत आता इथे आपली अधिकारपत्रे राष्ट्रपतींना सादर करतात.

भोजनकक्षात एका लांब मेजावर 104 जण बसतात. भिंतीवर माजी राष्ट्रपतींची तैलचित्रे असून वरच्या रंगीत दिव्यांच्या इशाऱ्यावर वाढपी चालतात: तयार राहा, वाढा, ताटे उचला. इतक्या लांब मेजावर तोंडी सूचना पोचत नाही आणि सर्वांपुढे पदार्थ एकदम यावा लागतो.

निवासाची घडी स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी बदलली. व्हाइसरॉयच्या प्रशस्त दालनांऐवजी त्यांनी मोजक्या लहान खोल्या निवडल्या. पुढचे राष्ट्रपतीही त्याच भागात राहिले आणि व्हाइसरॉयची दालने परदेशी राष्ट्रप्रमुखांसाठी अतिथीकक्ष झाली.

25 जुलै 2024 रोजी दरबार हॉलचे नाव गणतंत्र मंडप आणि अशोक हॉलचे अशोक मंडप असे करण्यात आले.