‘रोज २२’ हा आकडा आला कुठून?

अमेरिकेत रोज २२ माजी सैनिक आत्महत्या करतात आणि ते सगळे इराक-अफगाणिस्तानातून परतलेले तरुण असतात, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. २२ जोर काढून व्हिडिओ टाकण्याची मोहीमही त्यावर चालली. हेतू चांगला, पण आकड्याचा अर्थ पार बदलला.

मूळ आहे तिथल्या माजी सैनिक खात्याचा २०१२ चा अहवाल. त्यात फक्त २१ राज्यांची माहिती होती. कॅलिफोर्निया, टेक्सससारखी मोठी राज्यं नव्हतीच. २२ हा त्यावरून बांधलेला अंदाज. शिवाय त्यातले जवळपास ७० टक्के लोक पन्नाशीचे किंवा त्यापुढचे होते. (हे व्हिडिओत कोण सांगणार?) पुढे सगळ्या ५० राज्यांची माहिती आली तेव्हा आकडा २० वर आला, अलीकडच्या अहवालांत तो १७-१८ च्या आसपास आहे.

‘युद्धावर गेला म्हणून’ हे कारणही तितकं सरळ नाही. ३९ लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१५ च्या अभ्यासात युद्धावर जाण्याशी आत्महत्येचा संबंध दिसला नाही. धोका वाढलेला दिसला तो सैन्य सोडल्यानंतर, विशेषतः चार वर्षांच्या आत बाहेर पडलेल्यांमध्ये.

पण याचा अर्थ प्रश्न किरकोळ आहे असा नाही. माजी सैनिकांमधलं प्रमाण इतर प्रौढांपेक्षा जास्तच आहे, आणि दर मोजला तर तरुणांमध्ये सर्वाधिक. तातडीच्या मदतीसाठी तिथे ९८८ लावून १ दाबायचा. कुटुंबीयही हा फोन करू शकतात.